ग्लेस बेचं खाणकामगार संग्रहालय: कंबर वाकत असेल तर जरूर जा

पहिला खुलासा विमानाच्या तिकिटाबाबत. इथे जिचा उल्लेख येणार आहे ती सिडनी ऑस्ट्रेलियातली नव्हे. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया प्रांत आहे, त्याचाच भाग असलेलं केप ब्रेटन बेट, आणि त्या बेटावरचं मोठं गाव म्हणजे ही सिडनी. ऑस्ट्रेलियाचं समजून तिकीट काढलेले प्रवासी इथे उतरल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत, तेव्हा बुकिंग करताना देश नीट वाचा. हॅलिफॅक्सहून गाडीने यायचं तर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे साडेचार तास. सिडनीपासून ग्लेस बे वीसेक किलोमीटरवर आहे आणि विमानतळ या दोन गावांच्या मधोमध, रिझर्व्ह माइन्स नावाच्या वस्तीजवळ. नावातच खाण आहे. इथे सगळ्याच गोष्टी खाणीपाशी येऊन थांबतात.

केप ब्रेटन युनिव्हर्सिटी याच रस्त्यावर आहे. गेल्या काही वर्षांत तिथे भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. मुलांना भेटायला आलेल्या आईवडिलांना कॅबट ट्रेल हा बेटावरचा निसर्गरम्य रस्ता दाखवतात, लुईसबर्गचा किल्ला दाखवतात आणि विमानात बसवून देतात. ग्लेस बेचं संग्रहालय राहून जातं. खरं तर अर्ध्या दिवसात होणारं, भर पावसातही बघता येणारं हे एकच ठिकाण हाताशी असतं.

निकाल आधीच सांगते, कारण नंतर तपशील बराच आहे. वरची दालनं चांगली आहेत, पण तिकिटाचे पैसे वसूल होतात ते जमिनीखालच्या फेरीत. ती फेरी निवृत्त खाणकामगार घडवून आणतात. पाठ केलेलं भाषण ऐकवणारे हे गाइड नव्हेत; खाली उभी आयुष्यं घालवलेली माणसं आहेत. केप ब्रेटनची शेवटची मोठी सरकारी खाण २००१ साली बंद झाली. त्या वेळी जो पंचविशीत होता तो आज पन्नाशीत आहे, आणि ज्यांनी घोडे, फावडी आणि बारूद यांच्या काळात काम केलं ते ऐंशीच्या पुढे. नवी भरती कुठून होणार? म्हणून 'पुढच्या खेपेला बघू' म्हणू नका.

इमारतीखाली जी खाण दाखवतात तिचं नाव ओशन डीप्स कोलियरी (कोलियरी म्हणजे कोळशाची खाण). खाली जाण्याआधी हेल्मेट आणि अंगावर घ्यायला झूल देतात. ही झूल फोटोसाठी आहे असं समजून काढून ठेवू नका. खाली ओल असते, थेंब पडतात आणि कोळशाचा डाग कापडातून सहज जात नाही. फिकट रंगाचे कपडे, पांढरे बूट, साडी, सगळं वर्ज्य. बंद बूट हवेत, तळव्याला पकड असलेले. उन्हाळ्यातसुद्धा एक स्वेटर आत घाला. साधारण तासभर धरून चला.

आता वाकण्याबद्दल. सुरुवातीला सरळ चालता येतं, पुढे छत खाली येतं आणि उंच माणसाला बराच वेळ कमरेत वाकून चालावं लागतं. पाच फुटांच्या आतली व्यक्ती आणि शाळकरी मुलं मजेत जातात. सहा फुटी माणूस दहा मिनिटांत गप्प होतो. कंबर, गुडघे किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी, तसंच बंद जागेत घाबरं होणाऱ्यांनी तिकीट काढतानाच तसं सांगावं. छताला हेल्मेट आपटतंच, प्रत्येकाचं. आपटतं ते वर बघितल्यामुळे नव्हे, पुढचा माणूस सरळ झाला म्हणून आपणही होतो त्यामुळे. पुढच्याच्या पाठीकडे न बघता छताकडे लक्ष ठेवा.

खाली विचारण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. पहिली, लाकडी टेकूंची. लोखंड जास्त मजबूत असूनही जुने खाणकामगार लाकडावर जास्त विश्वास ठेवत, कारण लाकूड मोडण्याआधी करकरतं आणि पळायला वेळ देतं. छतावर काठी ठोकून आवाज ऐकायचा: टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक, ढोलासारखा पोकळ आला तर वरचा थर सुटलेला आहे. गाइडला ठोकून दाखवायला सांगा. हे वाचून कळत नाही, कानाने कळतं.

दुसरी, सुरक्षा दिव्याची. जाळीतली ती छोटी ज्योत नुसती उजेडासाठी नसते, ती वायू मोजायचं यंत्र असते. वात खाली करून ज्योत अगदी बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तो वरच साचतो. मिथेन असेल तर पिवळ्या ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसू लागते. टोपी जितकी उंच तितकं प्रमाण जास्त. सव्वा टक्क्याला ती जेमतेम दिसते, त्यासाठी सरावलेला डोळा लागतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झालं की ठिणगीची वाट बघायची. उलट दिवा जमिनीजवळ नेल्यावर विझला तर प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड साठलेला. तिथून मागे फिरायचं. एवढी सगळी माहिती एका वातीकडून घ्यायची आणि तीही पाळीच्या सुरुवातीला, अर्धवट झोपेत.

वायूपेक्षा धूळ वाईट, हेही खालीच समजून घ्या. मिथेनचा भडका एका जागी होतो; पण तो बोगद्यातली कोळशाची बारीक धूळ उडवतो आणि पेटवतो, मग ती आग बोगद्याबोगद्यातून धावत सुटते. म्हणून भिंतींवर चुनखडीची पूड पसरायची पद्धत आली. धुळीत पुरेशी दगडाची पूड मिसळलेली असली की ती पेट घेत नाही. शेजारच्या न्यू वॉटरफर्डच्या खाणीत २५ जुलै १९१७ रोजी स्फोट झाला, ६५ जण गेले. ग्लेस बेच्या २६ नंबर खाणीत २४ फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे पुन्हा स्फोट झाला, त्यात १२ जण. हे दुसरं ताजं आहे. गावात त्या बारांचे नातेवाईक भेटतात, तेव्हा प्रश्न विचारताना आवाज जरा खाली ठेवावा.

आता या फेरीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग: इथली खाण समुद्राखाली का गेली आणि त्यामुळे गावाला उतरती कळा का लागली. इथले कोळशाचे थर किनाऱ्यावर उघडे पडतात आणि तिथून समुद्राच्या दिशेने उतरत जातात. कड्यावरचा कोळसा पहिल्या पिढ्यांनी काढला. पुढच्यांनी थराचा माग काढत तिरपा बोगदा समुद्राच्या तळाखाली नेला. जमिनीवरच्या खाणीत काम लांब गेलं की तिथे वरून नवी विहीर खणता येते, हवा आणि माणसं सरळ खाली सोडता येतात. समुद्रात ती सोय नाही. सगळं किनाऱ्यावरूनच आत-बाहेर जायचं: माणसं, हवा, वीज, कोळसा, उपसलेलं पाणी. खाण दर वर्षी पुढे सरकते आणि तोंड मात्र किनाऱ्यावरच राहतं. कामगारांना नेणाऱ्या गाडीला इथे रेक म्हणत. ती किनाऱ्यावरून निघून अनेक किलोमीटर समुद्राखाली जायची आणि पाळीतला बराच वेळ नुसता जाण्यायेण्यात खर्ची पडायचा. पंखे मोठे लागतात, कोळसा वाहणारे पट्टे लांब लागतात, पंप जास्त लागतात, कोळसा तेवढाच निघतो. व्यवस्थापन कितीही हुशार असलं तरी हा हिशेब टळत नाही. त्यात इथल्या कोळशात गंधक जास्त.

गिऱ्हाईक म्हणाल तर दूरवरचं माँट्रियल. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठायची, जहाजं बंद, मग खाणीही आठवड्यातून दोनतीन दिवस चालणार. ग्लेस बे हे नाव फ्रेंचांनी दिलं ते बर्फावरूनच. 'ग्लास' म्हणजे बर्फ.

संग्रहालयाच्या आवारात एक छोटं खाणगाव उभारलंय. त्यात कंपनीचं घर आणि कंपनीचं दुकान आहे. लोक इथे पाच मिनिटांत फोटो काढून निघतात, ही चूक करू नका. दुकानात किमान वीस मिनिटं द्या आणि ते चालायचं कसं हे समजून घ्या. घर कंपनीचं, चुलीतला कोळसा कंपनीचा, पीठ, साखर, बूट सगळं कंपनीच्या दुकानातून उधारीवर. पगाराच्या दिवशी रोख हातात येण्याआधी भाडं, दुकान, डॉक्टर, दवाखाना, बारूद हे सगळं कापून घ्यायचे. खाली शून्य उरलेल्या पावतीला लोक 'बॉबटेल शीट' म्हणत, म्हणजे शेपूट कापलेला कागद. आणि दुकानाला नाव ठेवलं होतं 'प्लक मी'. मराठीत सांगायचं तर 'या, आमची पिसं उपटा'. संपाच्या वेळी ही उधारी बंद केली की घरातली चूल दोन आठवड्यांत थंड. कंपनीच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार पोलिसांचं नव्हतं, या गल्ल्यामागच्या वहीचं होतं.

ते हत्यार १९२५ साली वापरलं गेलं. त्या वेळी खाणी बेस्को, म्हणजे ब्रिटिश एम्पायर स्टील कॉर्पोरेशनकडे होत्या. मजुरीत कपात, दिवस कमी, आणि मार्चमध्ये उधारी बंद. ६ मार्चला संप सुरू झाला. जूनमध्ये कंपनीने न्यू वॉटरफर्ड गावाचं पाणी आणि वीज तोडली. ११ जूनला कामगार वीजघराकडे चालून गेले, कंपनीच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि विल्यम डेव्हिस हा खाणकामगार मारला गेला. पुढच्या दिवसांत कंपनीची दुकानं लुटली, जाळली गेली. ती पुन्हा कधीच उघडली नाहीत. ११ जून हा 'डेव्हिस डे' म्हणून आजही इथल्या खाणगावांत पाळला जातो. तारखा जुळत असतील तर त्या दिवशी या. त्या आठवड्यात गावात बोलण्याचा दुसरा विषय नसतो.

या सगळ्याची सुरुवात मात्र फार आधीची. १७२० साली फ्रेंचांनी जवळच्या पोर्ट मोरिएनला, लुईसबर्गचा किल्ला बांधताना लागणाऱ्या कोळशासाठी खणायला सुरुवात केली. उत्तर अमेरिकेतली ही पहिली व्यापारी कोळसा खाण मानतात. पुढे इंग्रजांच्या काळात एक विलक्षण प्रकार घडला. राजा चौथ्या जॉर्जने १८२६ मध्ये प्रांतातल्या खनिजांचे हक्क आपल्या कर्जबाजारी भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला दिले. ड्यूकचे सर्वांत मोठे सावकार म्हणजे लंडनचे जवाहीर, रंडेल ब्रिज. दागिन्यांची उधारी फिटावी म्हणून हक्क त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी जनरल मायनिंग असोसिएशन काढली. १८५८ पर्यंत तिची मक्तेदारी होती. म्हणजे केप ब्रेटनचा कोळसा तीस वर्षं कुणाच्या तरी हिऱ्यांचं बिल फेडत होता. १८९३ मध्ये बॉस्टनच्या हेन्री व्हिटनीने छोट्या खाणी एकत्र करून डॉमिनियन कोल कंपनी उभी केली. १९०१ साली ग्लेस बेला नगराचा दर्जा मिळाला. १९५० च्या आसपास वस्ती २५ हजारांच्या घरात होती आणि लोक अभिमानाने म्हणत, कॅनडातलं सगळ्यात मोठं 'टाउन' आमचं. आता ती १७ हजारांच्या आसपास आहे आणि १९९५ पासून स्वतंत्र नगरपालिकाही नाही; सगळं केप ब्रेटन प्रादेशिक पालिकेत विलीन.

घसरण एका झटक्यात झाली नाही, म्हणूनच ती जास्त दमवणारी होती. रेल्वेने डिझेल घेतलं, घरांनी तेल घेतलं. १९६६ च्या सरकारी अहवालाने सांगितलं, १९८१ पर्यंत हळूहळू खाणी गुंडाळा. त्यासाठी १९६७ मध्ये डेव्हको हे केंद्र सरकारचं महामंडळ काढलं. काम होतं बंद करण्याचं, पण १९७३ मध्ये तेल महागलं आणि त्याच महामंडळाने नव्या खाणी उघडल्या: लिंगन, प्रिन्स, पुढे फेलन. तरुणांना पुन्हा सांगण्यात आलं, शिका, खाली या, नोकरी पक्की आहे. मग २६ नंबर १९८४ च्या आगीनंतर बंद, लिंगन १९९२ मध्ये पाण्याखाली, फेलन छत ढासळण्याच्या कटकटींनंतर १९९९ मध्ये, प्रिन्स २००१ मध्ये. त्या सुमारास सिडनीचा पोलाद कारखानाही गेला. रोजगार देणारे दोन्ही मोठे उद्योग एकाच वेळी उठले. जानेवारी १९९९ मध्ये घोषणा झाली तेव्हा सुमारे १,७०० लोक कामावर होते आणि खरी भांडणं झाली ती निवृत्तिवेतनावरून: वय बसतं पण सेवेची वर्षं बसत नाहीत, वर्षं बसतात पण वय नाही. या विषयावर गाइडला बोलतं करायचं असेल तर फेरी संपल्यावर विचारा, घोळक्यात नको.

पर्यायी उद्योगांची कथा ऐकायची हौस असेल तर जडपाण्याचं नाव काढा. थळ-वायशेतमुळे हा शब्द आपल्याला अनोळखी नाही. १९६० च्या दशकात ग्लेस बेला अणुभट्ट्यांसाठी जडपाण्याचा कारखाना बांधला, तोही समुद्राचं पाणी वापरून. खाऱ्या पाण्याने नळ्या आणि मनोरे गंजले. थेंबभर उत्पादन न होता सगळं नव्याने बांधावं लागलं. १९७६ मध्ये कारखाना सुरू झाला, १९८५ मध्ये बंद.

कोळसाही पूर्ण मेला असं नाही. शेजारच्या डॉनकिनला डेव्हकोने ऐंशीच्या दशकात खणून ठेवलेले बोगदे एका खासगी कंपनीने उघडले आणि २०१७ पासून कोळसा काढला. २०२० मध्ये बंद, २०२२ मध्ये सुरू, २०२३ च्या जुलैमध्ये छत कोसळण्याच्या घटनांनंतर पुन्हा बंद. समुद्राखालचं छत कुणाचंच ऐकत नाही.

गाणी ऐकायची असतील तर 'मेन ऑफ द डीप्स'च्या कार्यक्रमांच्या तारखा आधी बघा. खाणीत काम केलेल्यांनाच प्रवेश असलेला हा पुरुषांचा गायकवृंद १९६६ साली, संग्रहालय उभारण्याच्या खटपटीतूनच जन्मला; दोन्हीमागे नीना कोहेन या बाईंचा पुढाकार. सभागृहात पूर्ण अंधार करतात आणि ते हेल्मेटवरचे दिवे लावून रांगेने येतात. अंगावर काटा येतो, मग गाणं कुठल्याही भाषेतलं असो.

जेवणाचं म्हणाल तर आवारातच उपाहारगृह आहे. ढंग तिथलाच: मासे, बटाटे, चावडर म्हणजे माशांचं दाट सूप. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या किंवा सिडनीहून खाऊनच निघा. हिवाळ्यात संग्रहालयाच्या वेळा कमी होतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन कराच. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची पहिली फेरी घ्या, घोळका लहान असतो आणि गाइड मोकळा असतो.

बाहेर पडल्यावर गाडी थेट सिडनीकडे वळवू नका. गावाच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. कंपनीची घरं जोडघरं होती, एका छपराखाली दोन कुटुंबं. ती पुढे भाडेकरूंना अर्धी अर्धी विकली गेली. म्हणून आज एकाच घराची डावी बाजू निळी आणि उजवी पांढरी दिसते, छपराचे पत्रे बरोब्बर मधोमध बदलतात, आणि काही ठिकाणी अर्धं घर पाडलेलं असून उरलेलं अर्धं सुरीने कापल्यासारखं उभं आहे. वेळ असेल तर टेबल हेडला जा, १९०२ मध्ये मार्कोनीने जिथून अटलांटिकपार इंग्लंडला बिनतारी संदेश पाठवला ती जागा. रिझर्व्ह माइन्सला टॉम्पकिन्सव्हिल बघा. फादर जिमी टॉम्पकिन्स यांच्या प्रेरणेने खाणकामगारांनी १९३८ मध्ये सहकारी तत्त्वावर स्वतः बांधलेली घरं. सहकाराचं बाळकडू घेतलेल्या मराठी माणसाला तिथे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

परतताना न्यू वॉटरफर्डवरून या. वाटेत लिंगनचं वीजकेंद्र लागतं, धुराडी लांबूनच दिसतात. ते बांधलं होतं पायाखालच्या कोळशासाठी. आता तिथे जळतो तो परदेशातला कोळसा: सिडनीच्या धक्क्यावर जहाजातून उतरतो आणि रेल्वेने इथे येतो.